१३ वर्षांचा अनुभव, ५ पानी रिझ्युमे: काय ठेवायचं, काय काढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॅकएंड इंजिनीयर म्हणून १३ वर्षं झाली, तीन कंपन्या झाल्या, रिझ्युमे वाढत वाढत ५ पानांवर गेला. मित्र म्हणतात एका पानात बसव, रिक्रूटर म्हणतात येतं ते सगळं लिहा, आणि अर्जांवर अर्ज करूनही फोन येत नाहीत. मॅनेजर झाला नाहीत म्हणून ‘दाखवण्यासारखं काही नाही’ असं वाटतंय. शिवाय मध्ये ८ महिन्यांचा गॅप आहे.

मी बरीच वर्षं इंजिनीयरिंग टीम चालवतोय. भरती हा त्यातला मला न आवडणारा पण टाळता न येणारा भाग. त्या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

पानांचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमचा रिझ्युमे मुळात फ्रेशर असताना तयार झालेला आहे, आणि प्रत्येक नोकरीनंतर त्यालाच वरून एक तुकडा जोडला गेलाय. फ्रेशरचा रिझ्युमे वाचताना मी एवढंच बघतो की याला काय काय येतं. १३ वर्षं काम केलेल्या माणसाच्या बाबतीत मला वेगळं काही हवं असतं: याच्या हाती केवढं काम सोपवून मी निर्धास्त राहू शकतो? तुमची ५ पानं पहिल्या शंकेचं सविस्तर उत्तर देतायत, दुसरीबद्दल अवाक्षर नाही. तेच एका पानात दाबून बसवलंत तरी फरक पडणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. ओळखीच्या माणसाच्या शिफारशीने जाणार असाल तर रिझ्युमेचं वजन निम्मं होतं, तिथे तो फक्त शिफारशीला छेद देणारा नसावा. दहा-पंधरा जणांच्या कंपनीत तुमचा रिझ्युमे बहुधा थेट इंजिनीयरच वाचेल, मोठ्या कंपनीत आधी रिक्रूटर. संशोधनाच्या किंवा प्राध्यापकीच्या जागांना लांबलचक सीव्ही चालतो, नव्हे अपेक्षितच असतो. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती यांचे संकेत देशागणिक बदलतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते लिहीत नाहीत, जर्मनीत फोटो लावायची प्रथा बराच काळ होती. जिथे अर्ज करताय तिथली रीत बघा. पुढचं सगळं मी ‘अनोळखी कंपनी, सीनियर किंवा त्याच्या वरची तांत्रिक जागा’ असं धरून लिहितोय.

आता वाचणाऱ्यांबद्दल. रिझ्युमे तीन वेगवेगळी माणसं तीन वेगवेगळ्या वेळी वाचतात. रिक्रूटर हुद्दा, वर्षं, ठिकाण आणि जागेच्या जाहिरातीतले चार-पाच मुख्य शब्द शोधतो. हायरिंग मॅनेजर, म्हणजे ज्याच्या टीममध्ये जागा आहे तो, शेवटच्या एक-दोन नोकऱ्या वाचतो, बाकीच्यावरून नजर फिरवतो. तिसरा म्हणजे इंटरव्ह्यू घेणारा. तो बहुतेकदा कॉल सुरू व्हायच्या पाच-दहा मिनिटं आधी फाइल उघडतो आणि ‘याबद्दल विचारू’ अशी एखादी ओळ हेरून ठेवतो. हा तिसरा वाचक लोकांच्या लक्षातच येत नाही. रिझ्युमे ही तुमच्या इंटरव्ह्यूची प्रश्नपत्रिका आहे आणि ती काढायचं काम चक्क तुमच्याकडेच दिलंय. ज्यावर अर्धा तास बोलता येईल अशाच ओळी त्यात ठेवा. सात वर्षांपूर्वी दोन आठवडे हात लावलेलं टूल तिथे असेल तर नेमकं त्यावरच विचारलं जाण्याची शक्यता भरपूर.

एक ओळ जवळून बघू. आमच्या टीममध्ये पुढे आलेल्या एका इंजिनीयरच्या रिझ्युमेत, तुमच्यासारखीच, अशी ओळ होती: ‘पेमेंट मॉड्यूलचं डेव्हलपमेंट व मेंटेनन्स. टेक्नॉलॉजी: जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, पोस्टग्रेस.’ ही ओळ खोटी नव्हती, पण त्या टीममधला कालच लागलेला मुलगाही ती जशीच्या तशी लिहू शकला असता. बोलताना खोदून विचारलं तेव्हा गोष्ट बाहेर आली. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला की त्यांची सिस्टीम तीच विनंती पुन्हा पाठवायची, आणि कधीकधी ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायचे. रोज थोड्या तक्रारी यायच्या, सपोर्टची माणसं हाताने परतावे द्यायची. वरिष्ठांचा आग्रह होता की अख्खं मॉड्यूल नव्याने लिहू. याने आठवडाभर लॉग तपासले आणि दाखवून दिलं की गडबड एकाच जागी आहे. प्रत्येक व्यवहाराला आयडेम्पोटन्सी की (त्या व्यवहाराची एकमेव खूण) दिली आणि डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तीच खूण दुसऱ्यांदा नोंदू न देणारा नियम) लावला, तर पुन्हा आलेली विनंती तिथेच अडेल आणि आधीचंच उत्तर परत जाईल. नवं लिखाण टळलं. मग त्याने रोज रात्री बँकेच्या नोंदी आणि आपल्या नोंदी ताडून बघणारा एक जॉबही लिहिला, कारण ‘बंद झालं’ हे नुसतं म्हणून कोण ऐकणार?

हे सगळं मला इंटरव्ह्यूत उकरून काढावं लागलं. बाकीच्या कंपन्यांनी एवढी तसदी घेतली नसणार हे उघड आहे. तीच ओळ नंतर अशी झाली: ‘बँकेच्या टाइमआउटनंतर होणारी दुहेरी पैसे-कपात थांबवली. मॉड्यूल नव्याने लिहिण्याऐवजी आयडेम्पोटन्सी की आणि युनिक कन्स्ट्रेंटचा मार्ग सुचवून अमलात आणला. रोजच्या ताळमेळाचा जॉब लिहून तो निकाल पडताळता येईल अशी सोय केली.’ जावा आणि पोस्टग्रेस कौशल्यांच्या यादीत गेले, तिथेच ते शोभतात.

या ओळीत काय आहे ते बघा. काय दुखत होतं ते आहे. कोणते पर्याय समोर होते आणि यातला कोणता सोडला ते आहे. आणि शेवटी, उपाय लागू पडला हे कशावरून, तेही आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत किमती भाग मधला. काय केलं हे सगळेच लिहितात, काय करायचं टाळलं हे अनुभवी माणूसच लिहू शकतो. दुसरा मार्ग कोणता होता आणि तो का नाकारला, हे ज्याला सांगता येतं त्याने निर्णय स्वतः घेतलेला असतो किंवा घेताना तो खोलीत तरी होता.

तुमच्या १३ वर्षांत अशा गोष्टी नक्की आहेत. त्या आठवत नाहीत कारण त्या तिकिटाच्या, म्हणजे कामाच्या नोंदीच्या, नावाने डोक्यात साठलेल्या असतात. आठवायला मी लोकांना काही खुणा देतो. रात्री उठून काय दुरुस्त केलंत आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून नंतर काय बदललंत? कोणतं जुनं गाडं बंद न पाडता नव्यावर हलवलंत? तुम्ही सुट्टीवर असताना लोक तुम्हालाच फोन करतात ते कशासाठी? २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली गंभीर सुरक्षा त्रुटी जाहीर झाली तेव्हा जगभरातल्या जावाच्या टीम रात्रंदिवस जागत होत्या. तुम्ही बॅकएंडला होतात, म्हणजे त्या आठवड्यात काहीतरी केलंच असेल. आपल्या कोणकोणत्या सर्व्हिसमध्ये ती लायब्ररी आडमार्गाने शिरलीये हे कोणी शोधलं? तुम्ही शोधलं असेल, तर ती ओळ तुमच्या रिझ्युमेत हवी.

आकड्यांबद्दल लोक फार घाबरतात किंवा फार सैल सुटतात. ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली’ या वाक्यावर माझा पहिला प्रश्न असतो, कशाची, आणि मोजली कशी? पुढे शांतता पसरली तर त्या एका ओळीपायी बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. आकडा मोजलेला असेल तरच टक्के लिहा, आणि शक्यतो आधी किती, नंतर किती हे दोन्ही लिहा. ‘पी-९९ लेटन्सी ४ सेकंदांवरून ९०० मिलिसेकंदांवर’ हे ‘७७ टक्के सुधारणा’पेक्षा इंजिनीयरला जास्त सांगतं. पी-९९ म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव विनंत्या जेवढ्या वेळात पुऱ्या होतात तो वेळ. सुरुवात कुठून झाली ते त्यात दिसतं, आणि सरासरीच्या मागे न लपता शेपटाकडचा, म्हणजे सर्वांत संथ विनंत्यांचा, त्रास मोजलाय हेही दिसतं.

मोजलं नसेल तर आवाका लिहा. किती सर्व्हिस, किती टीम या भागावर अवलंबून, दिवसाला साधारण किती विनंत्या, डेटा किती, रिलीज महिन्यातून एकदा व्हायचं ते आता आठवड्यातून दोनदा होतं का. गोपनीयतेमुळे खरा आकडा देता येत नसेल तर पट सांगा, ‘पूर्वीच्या एक तृतीयांश वेळात’ असं. आणि काही कामांना आकडा नसतोच. चांगलं डिझाइन डॉक्युमेंट लिहिल्याने चार टीमचं भांडण मिटलं, याला कुठला आकडा लावणार? तसंच लिहा. बळेच आकडा चिकटवला की तो लगेच कळतो.

‘आम्ही’ की ‘मी’ हाही घोळ असतो. आपल्याला ‘मी केलं’ म्हणायला संकोच वाटतो, म्हणून सगळं ‘टीमने केलं’ होतं आणि वाचणाऱ्याला तुमचा वाटा कळतच नाही. उलट टोकाला काही जण ४० जणांचं मायग्रेशन एकट्याच्या नावावर करतात. दोन्ही टाळायचा सोपा रस्ता म्हणजे टीमचं काम एका वाक्यात आणि आपला वाटा लगेच पुढे: ‘८ जणांच्या टीमने मोनोलिथमधून ऑर्डर सर्व्हिस वेगळी केली. त्यातलं डेटा स्थलांतर आणि बिघडलं तर मागे यायचा आराखडा माझ्याकडे होता.’ खोटी नम्रता नाही, उसना मोठेपणा नाही.

मॅनेजर झाला नाहीत याबद्दल. ही खंत मी फार ऐकतो, आणि तांत्रिक जागेसाठी ती निरर्थक आहे. सीनियर किंवा स्टाफ (त्याच्या वरचा तांत्रिक हुद्दा) इंजिनीयर शोधताना मला लोक सांभाळणारा नको असतो, ज्याच्या असण्याने आजूबाजूच्यांचं काम सुधारतं असा माणूस हवा असतो. तुम्ही किती जणांचे कोड रिव्ह्यू करता? नव्या माणसाला पहिला महिना कोण हाताशी घेतं? इंटरव्ह्यू पॅनेलवर आहात का? दुसऱ्या टीमने तुमची लायब्ररी किंवा पद्धत उचलली का? बिघाडानंतरचा पोस्टमॉर्टेम लिहायला कोणाला बसवतात? हे सगळं नेतृत्वच आहे, फक्त हुद्द्यात दिसत नाही, म्हणून रिझ्युमेत दिसायला हवं. एकच पथ्य: जागा मॅनेजरची हवी असेल तर मात्र वेगळा रिझ्युमे करा. एकाच कागदावर दोन्ही दगडांवर पाय ठेवलात की दोन्हीकडचे लोक समजतात, हा आपला नाही.

जुन्या वर्षांचं काय करायचं? छाटायचं, आणि निष्ठुरपणे. शेवटची पाच-सहा वर्षं सविस्तर, त्याआधीची नोकरी दोन-तीन ओळींत, आणि पहिली नोकरी फक्त कंपनी, हुद्दा, सालं. कॉलेजचा प्रोजेक्ट, दहावी-बारावीचे टक्के, ‘छंद: वाचन, प्रवास’ हे सगळं जाऊ द्या. एक अपवाद ठेवा. आठ-दहा वर्षांपूर्वीचं एखादं काम नव्या जागेला थेट लागू असेल, तर तेवढंच उचलून नीट मांडा. आणि एकाच कंपनीत बढती झाली असेल तर दोन्ही हुद्दे तारखांसह वेगळे दाखवा. तुम्ही सहा वर्षं एकाच ठिकाणी होता म्हणता. ते नुसतं ‘सहा वर्षं’ दिसलं तर साचलेपण वाटतं, तिथेच मध्ये बढती दिसली तर चढती कमान.

टेक्नॉलॉजीच्या यादीत तारखा नकळत बोलतात. नुसतं ‘जावा’ लिहिण्यात काही कळत नाही. जावा ८ आलं २०१४ मध्ये, जावा १७ आलं २०२१ मध्ये, आणि चालू सिस्टीम पहिल्यावरून दुसऱ्यावर नेणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम आहे. ते केलं असेल तर यादीत लपवू नका, कामाच्या ओळीत आणा. याउलट कोणी २०२० साली ‘कुबरनेटिसचा १० वर्षांचा अनुभव’ असं लिहिलेलं असलं, तर वाचणारा हसणार. कुबरनेटिसची १.० आवृत्तीच मुळी जुलै २०१५ ची. अँगुलरजेएस आणि २०१६ नंतरचं अँगुलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा अनुभव एकत्र बेरीज करून लिहू नये. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तो अजून यादीत मानाने मिरवत असेल, तर वाचणाऱ्याला वाटतं की हा रिझ्युमे तेव्हापासून कोणी उघडलेला नाही. यादी दोन-तीन ओळींची पुरे, आणि ज्यात आज बसून कोड लिहिता येईल तेवढंच तिच्यात. स्टार किंवा पट्ट्या काढून ‘एसक्यूएल: पाचपैकी चार’ असं कृपया करू नका. पाचपैकी चार म्हणजे किती, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

सर्वांत वर काय लिहायचं? ‘आव्हानात्मक वातावरणात आपल्या कौशल्यांचा उपयोग करून संस्थेच्या प्रगतीत योगदान देण्याची संधी’ वगैरे मजकूर म्हणजे नमनाला घडाभर तेल. तो काढा. त्याजागी तीन ओळी: तुम्ही कोण, कोणत्या प्रकारच्या अडचणी सोडवण्यात हातखंडा आहे, आणि पुढे काय शोधताय. तुमच्या बाबतीत कदाचित असं होईल: ‘१३ वर्षांचा बॅकएंड अनुभव, मुख्यतः पैशांच्या व्यवहारांच्या सिस्टीम. चालू सिस्टीम बंद न करता तिचं डेटा मॉडेल बदलणं आणि चुकीच्या नोंदी शोधून काढणं हे खास काम. स्टाफ किंवा सीनियर तांत्रिक जागेच्या शोधात.’ शेवटचं वाक्य लिहायला लोक कचरतात, इतर दारं बंद होतील म्हणून. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? काय हवंय ते सांगितलं नाही तर रिक्रूटर स्वतःच्या सोयीने ठरवतो, आणि मग नको त्याच जागांचे फोन येतात.

तुम्ही एटीएसची, म्हणजे कंपन्या अर्ज साठवायला आणि चाळायला वापरतात त्या सॉफ्टवेअरची, धास्ती घेतलेली दिसतेय. सॉफ्टवेअर स्वतःहून रिझ्युमे केराच्या टोपलीत टाकतं ही भीती बरीचशी वाढवून सांगितलेली आहे. आपोआप बाद होतात ते बहुधा अर्जातल्या ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांवरून, जसं की काम करायचा परवाना आहे का, त्या ठिकाणी यायला तयार आहात का. सॉफ्टवेअरचा खरा त्रास वेगळा आहे. दोन रकान्यांची रचना, टेक्स्ट बॉक्स, हेडरमध्ये घातलेला फोन नंबर, चित्रं यांतून मजकूर काढताना त्याची सरमिसळ होते. तपासायला काहीच लागत नाही. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि वाचा. क्रम नीट राहिला, तारखा कंपन्यांच्या शेजारीच राहिल्या तर काम झालं. जाहिरातीत जो शब्द वापरलाय तोच तुम्हीही वापरा, खरा असेल तर. पांढऱ्या अक्षरांत लपवून कीवर्ड कोंबायची युक्ती मात्र या नोटपॅडमध्ये उघडी पडते, आणि आमच्याकडच्या स्क्रीनवरही.

लांबी: दोन पानं. १३ वर्षांना एक पान करायला गेलात तर निर्णयांचा तपशीलच आधी कापला जातो आणि हुद्दे तेवढे उरतात. तिसऱ्या पानावर गेलात तर ते वाचलं जात नाही.

गॅपबद्दल तुम्ही जितका विचार करताय तितका समोरचा करत नाही, पण तारखांत भोक दिसलं की तो काहीतरी कल्पना नक्की करतो. म्हणून एक ओळ लिहून मोकळं व्हा: ‘कौटुंबिक कारणासाठी विराम’ आणि महिने. आजारपण, कपात, घरचं माणूस, कारण काहीही असो, तपशील द्यायची गरज नाही. फक्त साल लिहून महिने गाळायचा खेळ करू नका. पुढे पार्श्वभूमी तपासणीत तारखा जुळल्या नाहीत, तर गॅपपेक्षा ती लपवाछपवी महागात पडते.

एआयकडून लिहून घेऊ का, असंही विचारलंय. भाषा साफ करायला घ्या. पण ‘पेमेंट मॉड्यूलचं मेंटेनन्स’ एवढंच त्याला दिलंत तर तो त्यात स्वतःचे आकडे आणि विशेषणं भरेल. बँकेच्या टाइमआउटची गोष्ट त्याला कुठून कळणार? कच्चा माल तुमचाच हवा.

करायचा क्रम असा ठेवा. रिझ्युमे बंद करा, कोऱ्या फाइलमध्ये वरच्या खुणांवरून दहा-बारा गोष्टी ओबडधोबड लिहा. त्यातल्या ज्यांवर अर्धा तास बोलता येईल त्या सहा-सात निवडा. मग ज्या तीन-चार जागा खरोखर हव्यात त्यांच्या जाहिराती शेजारी ठेवून त्यांचा क्रम लावा, आणि शेवटी पानांचा विचार करा. झालं की तुमच्या टीमबाहेरच्या एखाद्या इंजिनीयरला वाचायला द्या. ‘कसा वाटला’ विचारू नका, ‘छान आहे’ हेच उत्तर येईल. त्याला सांगा, तू माझा इंटरव्ह्यू घेतोयस, या दोन पानांवरून मला पाच प्रश्न विचार. ज्या ओळींवर तुम्हाला प्रश्न यावासा वाटत होता त्यांवर तो आला नाही, तर त्या ओळी पुन्हा लिहा. ज्यांवर आला आणि तुम्ही अडखळलात, त्या काढून टाका.